नाताळचे झाड आणि नाताळचा शेजारी

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी नाताळचे झाड उभे राहिले. तीन फूट उंचीचे, हिरव्या प्लास्टिकचे, खोक्यातून मिटलेल्या छत्रीसारखे निघालेले. नातीने हट्ट धरला, मुलाने बाजारातून आणले, सुनेने चकचकीत गोळे टांगले, गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ सौभाग्यवतींनी माळ्यावरून काढून दिली. फांद्यांवर बर्फ म्हणून कापूस कोणी लावायचा यावर थोडा खल झाला आणि ते काम माझ्याकडे आले. बेळगावची थंडी प्रसिद्ध असली तरी इथे बर्फ पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही मी कापूस लावला. आजोबा झालेल्या माणसाला काही वेळा तर्क बाजूला ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे एक जुने हितचिंतक कामानिमित्त घरी आले. चहा घेता घेता त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

"काय वो सर, तुमच्याकडं बी हे आलं?"

आवाजात थट्टा होती, डोळ्यांत नव्हती. निघताना पायरीवर थांबून ते म्हणाले, "मराठी शाळेचा हेडमास्तर म्हटल्यावर लोकं बघतात वो. ह्या भागात आपण आपलं टिकवायचं, का दुसऱ्याचं मांडायचं?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून या भागातला मराठी माणूस टिकवण्याच्याच कामात गुंतलेला आहे. शाळा टिकवायची, वाचनालय टिकवायचे, दुकानावरची पाटी टिकवायची. 'आपलं' हा शब्द इथे हवेत उच्चारला जात नाही, त्याला किंमत मोजावी लागते. म्हणून या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. त्या दिवशी मी दिले नाही, आज देतो. ते आमच्या हितचिंतकांना पूर्ण रुचणार नाही. माझ्या मुलालाही रुचणार नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचा त्रास झालेला आहे.

पहिला मुद्दा हा की, ज्या झाडाला आपण धर्माचे चिन्ह समजून बिचकतो त्याचा धर्माशी संबंध किती? येशूच्या जन्माची कथा बायबलात आहे. तिच्यात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत. सजवलेले झाड कुठेही नाही. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली गव्हाणीचा देखावा मांडला, ती परंपरा आठशे वर्षांची. झाडाची गोष्ट बरीच अलीकडची. १६०५ सालच्या एका टिपणात स्ट्रासबुर्ग शहरातले लोक नाताळात दिवाणखान्यात झाड उभे करून त्याला कागदी गुलाब आणि सफरचंदे टांगतात असे वर्णन येते. ही जर्मन भाषकांची घरगुती हौस. इंग्लंडच्या राजवाड्यात ती जर्मन राण्या-राजपुत्रांबरोबर गेली आणि व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर मध्यमवर्गाने ती उचलली. खुद्द व्हॅटिकनच्या चौकात नाताळचे झाड पहिल्यांदा उभे राहिले ते १९८२ साली. म्हणजे दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले त्या वर्षी!

आणखी एक गंमत पाहा. नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली ती कोणा परधर्मीयाने नव्हे. इंग्लंडात १६४७ साली कडव्या प्युरिटन पंथीयांच्या पार्लमेंटने हा सण रद्द ठरवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कारण काय, तर हा सण आपल्या धर्मग्रंथात नाही, त्यात बाहेरची भेसळ आहे. तेव्हा आमच्या हितचिंतकांच्या कपाळावरची आठी अगदी नवी आहे असे त्यांनी समजू नये. ती साडेतीनशे वर्षांपूर्वी कट्टर ख्रिस्ती कपाळांवरही पडून गेली आहे.

झाड घरात आणून त्याचा सण करणे हे तरी आपल्याला परके आहे काय? गुढीला कडुनिंबाचा डहाळा लागतो, दाराला आंब्याची पाने लागतात, दसऱ्याला आपटा लागतो. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव घालून चिंचा-आवळ्यांनी वृंदावन सजवतो. ज्या समाजाने एका रोपाचे दरवर्षी विधिवत लग्न लावले त्याने दुसऱ्याच्या सजवलेल्या झाडाकडे पाहून दचकावे, हे मला समजत नाही.

तुळशीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गेली काही वर्षे २५ डिसेंबरलाच तुळशीपूजन करा असा प्रचार चालू आहे. तुळशीला पाणी घालायला आमच्या आईला कधी तारीख लागली नाही. ती रोज घालत असे. वर्षाचा सोहळा म्हणाल तर कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस तुळशीचे आहेत. तिला तिच्या दिवसांतून उचलून दुसऱ्याच्या दिवसावर नेऊन उभे करण्यात तिचा मान कुठे राहिला? घरच्या लक्ष्मीला केवळ शेजाऱ्याला खिजवण्यासाठी अंगणात उभे करावे, तसला हा प्रकार. याला मी भक्ती म्हणत नाही.

राहिला परकेपणाचा मुद्दा. एकादशीच्या उपवासाला चालणारा बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते झाड, ही चारही मंडळी अमेरिका खंडातली. आम्ही मास्तर ज्याची महिनाभर वाट पाहतो तो 'पगार' पोर्तुगीज, आणि 'नाताळ' हा शब्दही त्याच भाषेतून गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आलेला. सीमाभागातल्या मराठीच्या सभांत आपण ज्या ओव्या मोठ्या अभिमानाने म्हणतो, मराठीला फुलांत मोगऱ्याची उपमा देणाऱ्या, त्या लिहिल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. त्या ओव्या आपल्याला चालतात. मग ज्या सणाचे पुराण सांगण्यासाठी त्याने ती भाषा आत्मसात केली तो सण मात्र 'दुसऱ्याचा' कसा?

येथवर वाचून माझा मुलगा खूश झाला असेल. आता त्याच्याकडे वळतो.

बाबा रे, तू झाड आणलेस म्हणून माझी तक्रार नाही. पण तू काय आणलेस याचा विचार केलास का? उत्तर युरोपात डिसेंबरात सगळी झाडे निष्पर्ण होतात, दिवस चार-सहा तासांवर येतो. अशा वेळी रानात हिरवे राहते ते सूचिपर्णी झाड. त्याची फांदी घरात आणून तिच्यावर मेणबत्ती लावणाऱ्या माणसाला त्या हिरवेपणाचा अर्थ ठाऊक होता. आपल्याकडे डिसेंबरात शिवारात तूर-हरभरा उभा असतो आणि पश्चिमेला खानापूरच्या बाजूचे रान बारमाही हिरवे असते. ज्या झाडाने बर्फात हिरवे राहून दाखवले ते आपण प्लास्टिकचे आणले आणि त्याच्यावर कापसाचा बर्फ लावला. त्याचा रानाशीही संबंध राहिला नाही आणि ऋतूशीही.

त्याहून मोठी उणीव पुढेच आहे. त्या झाडात आपल्या हाताचे काय होते? अर्ध्या तासात ते उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी नातीने त्याच्याकडे पाहणे सोडले. तिचा दोष नाही. दिवाळीत याच मुलीने गल्लीतल्या पोरांबरोबर किल्ला केला होता. चार दिवस चिखलात हात, अळीव-मोहरी पेरून रोज सकाळी कोंब आले का ते पाहणे, बुरूज ढासळला म्हणून रडणे. तो किल्ला तिला अजून आठवतो. झाड सजवताना तिने एकच प्रश्न विचारला होता, "नाताळ कुणाचा असतो?" तू म्हणालास, "सगळ्यांचा." उत्तर चांगले होते. पण त्या सगळ्यांपैकी एकाच्याही घरी तू तिला नेले नाहीस.

आणि मीही नेले नाही. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण त्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

कॅम्प भागात माझे एक जुने सहकारी राहतात. बावीस वर्षे आम्ही एका शाळेत शिकवले. ते गणित, मी मराठी. मूळचे गोव्याकडचे. घरी कोकणी, चर्चमध्ये इंग्रजी, बाजारात कन्नड आणि वर्गात मराठी, अशा चार भाषांत त्यांचा दिवस जाई. मराठी शाळेतल्या पोरांना त्यांनी जन्मभर भूमिती मराठीतून शिकवली. त्याला 'आपलं टिकवणे' म्हणत नसतील तर कशाला म्हणतात हे मला सांगावे. दिवाळीला आमचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जात असू. त्यांच्या व्हरांड्यात गोठा मांडलेला असे. घरून निघताना ते कुसवाराचे ताट देत. त्यात दोदोल असे आणि नेवऱ्या असत, म्हणजे आपल्याच करंज्या. वर्षानुवर्षे हा नेम कधी चुकला नाही.

गेल्या २४ डिसेंबरला सकाळी शाळेत साने गुरुजींची जयंती झाली. गुरुजींचा जन्म १८९९ सालच्या त्याच तारखेचा. मी अध्यक्षीय भाषण केले. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून गुरुजींनी केलेले उपोषण मुलांना सांगितले. बंद दार हे देवाचे नसते, माणसाच्या भीतीचे असते, असे काहीसे वाक्यही बोललो. टाळ्या पडल्या.

आणि त्याच संध्याकाळी मी कॅम्पात गेलो नाही. सर्दीचे निमित्त सांगितले. खरे कारण म्हणजे पायरीवरचे ते वाक्य, "लोकं बघतात वो." त्या आठवड्यात 'त्यांच्या' घरचे काही घेऊ नका, 'त्यांच्या' सणाला जाऊ नका अशा मजकुराचे संदेश मोबाईलवर फिरत होते. त्यातले दोन तर माझ्याच माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले. मी त्यांना उत्तर दिले नाही. घरातले झाड मात्र लुकलुकत राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की झाड आणायला मला धैर्य लागले नव्हते. ते बाजारातून आले होते, त्याच्यामागे कोणी माणूस उभा नव्हता. धैर्य लागणार होते ते दोन मैलांवरच्या एका घरी जायला, आणि नेमके तेच माझ्यापाशी कमी पडले.

२६ तारखेला सकाळी सर स्वतः आले. हातात रुमालाने झाकलेले ताट. मी का आलो नाही हे त्यांनी विचारले नाही. कोपऱ्यातले झाड पाहून म्हणाले, "छान आहे हो. आमच्याकडे झाड नसतं. पोरं परदेशी गेली, आता गोठा तेवढा मांडतो." मग नातीकडे वळून म्हणाले, "तू आली नाहीस बघायला? अजून आहे. तीन राजांच्या सणापर्यंत, सहा जानेवारीपर्यंत ठेवतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा तारा टांगलेला होता, आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. खाली मातीचे डोंगर, गवताने शाकारलेला गोठा, गाय, मेंढरे आणि चहूकडे बोटभर उंचीची कोवळी हिरवळ. पंधरा दिवस आधी नाचणी पेरून उगवलेली. नात वाकून पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "आजोबा, हा तर किल्ला!"

सर हसले. "हो तर. फक्त इथे राजा अजून लहान आहे."

परत येताना माझ्या मनात एकच विचार होता. आमच्या अळीवाच्या किल्ल्यात आणि त्यांच्या नाचणीच्या गोठ्यात जे नाते आहे ते या पोरीला एका क्षणात दिसले, कारण तिचे हात दिवाळीत मातीत होते. प्लास्टिकच्या झाडावरून तिला ते कधीच दिसले नसते. आणि मी कायमचा घरी बसून राहिलो असतो तरीही दिसले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे. झाडाला विरोध करणाऱ्यांनी आपली शक्ती वाया घालवू नये. तीन फूट प्लास्टिकने बुडेल इतके आपले काही कच्चे नाही. आणि झाड आणणाऱ्यांनी सण साजरा झाला असे समजू नये. ज्यांचा सण आहे त्यांना वगळून केलेला सण ही नुसती खरेदी आहे. मुलांना झाड हवेच असेल तर कुंडीतले जिवंत आणा, जानेवारीतही त्याला पाणी घालावे लागेल असे. पण त्याआधी कामट्या आणि कागद घेऊन बसा, मूठभर नाचणी पेरा आणि २४ डिसेंबरला संध्याकाळी मुलांचा हात धरून ओळखीच्या घरी जा. ओळखीचे असे घर नसेल, तर याच गावात राहून ते का नाही, हा प्रश्न स्वतःला विचारा.

या दिवाळीचे फराळाचे ताट कॅम्पात पोहोचले की सर नाचणी देणार आहेत. ती कधी पेरायची हे नातीने आतापासूनच विचारून ठेवले आहे. आमच्या हितचिंतकांना या डिसेंबरातही चहाचे निमंत्रण आहे. कोपऱ्यात झाड असेल की नाही ते नातीच्या मर्जीवर. एवढीच विनंती की २४ तारखेला संध्याकाळी येऊ नये. घराला कुलूप असेल. आम्ही कुठे गेलो हे शेजारी सांगतील, आणि ते लोकांना कळले तरी यंदा माझी हरकत नाही.