दिवाळीत घराला कुलूप लावलं, तर बिघडलं कुठं?

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या कोल्हापूर भागात एक वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, "सणासुदीला घर बंद करून फिरायला जातात, कसली संस्कृती राहिली?" दुसरी म्हणते, "आमचा पैसा, आमची सुट्टी, तुम्हाला काय त्रास?" गेली काही वर्षं आम्ही दिवाळीचे तीन-चार दिवस मालवणला असतो, म्हणजे मी कुलूपवाल्यांतलीच. तरीही मला दोन्ही बाजू पटत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या बाजूला एवढंच सांगायचंय की आपले सण घराच्या उंबऱ्याला कधीच बांधलेले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत पोटासाठी गेलेला कोकणी माणूस गणपतीला गावी येत राहिला, आणि गाडीला लोंबकळत केलेला तो प्रवासच सणाचा भाग झाला. आज चाकरमान्यांशिवाय कोकणातला गणपती डोळ्यांसमोर येतो का? वारी तर सगळी वाटेवरच घडते. लंडनच्या मराठी माणसांनी १९३२ साली महाराष्ट्र मंडळ काढलं आणि परक्या थंडीत आपले सण चालू ठेवले. दिवाळी अंकाशिवाय दिवाळी नाही असं आपण छातीठोकपणे म्हणतो, तो अंकसुद्धा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनचा. कुणीतरी कधीतरी नवीन काही सुरू केलं, लोकांना ते आवडलं आणि त्याची परंपरा झाली.

आणि "पूर्वीची घरची दिवाळी" म्हणून जिच्या आठवणी काढल्या जातात, ती कुणाच्या जिवावर व्हायची तेही बोलू या की. भाजणी, चकली, करंज्या, जाळी-जळमटं, वर पाहुण्यांच्या पंगती. पहाटे सगळ्यांत आधी उठणारी आणि रात्री सगळ्यांत शेवटी आडवी होणारी घरची बाई. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींना ही सहल म्हणजे वर्षातली एकमेव सुट्टी असते. त्यांना संस्कृती शिकवायला जाणाऱ्यांनी आधी एकदा पाच किलोची भाजणी भाजून बघावी.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. सुट्टी तुमची, हे मान्य. पण सण फक्त मुक्कामाच्या पॅकेजमध्ये आला तर तो सण उरत नाही. रिसेप्शनवर कुणीतरी काढलेली रांगोळी, बुफेत ठेवलेला फराळ, त्यासमोर फोटो, आणि झाली दिवाळी. घरातल्या पोराच्या हाताला ना माती लागली, ना तेल. पंधरा वर्षांनी त्याला यातलं काय आठवणार? खोलीचा नंबर?

आम्ही यावर आमच्यापुरते काही नियम केलेत. फार मोठे नाहीत.

पहिला, नरक चतुर्दशीच्या पहाटेचं सगळं पुरुषांनी करायचं. तेल कोमट करणं, उटणं कालवणं, पणत्या लावणं, पोरांना उठवणं. बायकांनी अंघोळीला आयतं यायचं. घरी असताना वीस वर्षं जे जमलं नाही, ते परगावी एका फटक्यात जमलं. कारण तिथं "हे तुझं काम" असं म्हणायला ओळखीचं स्वयंपाकघरच नसतं. मजा अशी, की आता घरी असलो तरी हाच नियम चालतो.

दुसरा, किल्ला व्हायलाच पाहिजे. अंगणातली माती नाही तर किनाऱ्यावरची वाळू. मालवणला समोर समुद्रात खराखुरा सिंधुदुर्ग उभा असतो. त्याच्याकडे बघत पोरं तट घालतात. १६६४ साली भर पाण्यात बांधकाम कसं सुरू केलं असेल, हा प्रश्न पुस्तकातून पडला नसता तो लाट येऊन स्वतःचा बुरूज कोसळला की पडतो.

तिसरा, ज्या गावात आहोत तिथली दिवाळी बघायची आणि जेवायची. तिकडं या दिवशी पोह्यांचा मान. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, ताकातले. तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. आमच्याकडं ही चाल नव्हती. घरमालकिणीनं पहिल्या वर्षी पोरांना शिकवलं, आता तीच आधी विचारतात, "कारीट आणलंय ना?" आपला फराळाचा डबा आपण त्यांना द्यायचा, त्यांचे पोहे आपण खायचे. ही देवाणघेवाण बुफेत होत नाही.

चौथा, घराचं दार अंधारात ठेवायचं नाही. एक वर्ष शेजारचे आमच्या दारात पणती लावतात. पुढच्या वर्षी ते जातात तेव्हा आम्ही आमचं जाणं दोन दिवस पुढं ढकलतो आणि त्यांच्या दारात लावतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यायचंय का, हे बुकिंगच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

पण हे सगळं लिहिण्याचं खरं कारण पुढं आहे.

आपण ज्या दिवसांत फोंडा घाट उतरून कोकणात जातो, साधारण त्याच दिवसांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर आपल्या जिल्ह्यात येत असतात. भांडी, अंथरुणं, शेळी, पोरं, सगळं ट्रॉलीत. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, त्यामुळं कितीतरी वर्षी त्यांची दिवाळी वाटेवर किंवा कारखान्याजवळच्या कोपीत होते. तेही दिवाळीला घर बंद करूनच निघालेले असतात. त्यांच्या कुलपावर मात्र कुणी पोस्ट लिहीत नाही. संस्कृती बुडाली म्हणून ना इकडचे ओरडतात, ना तिकडचे.

परगावी दिवाळी करणं आपल्याला परवडतं, त्यांच्यावर ते येऊन पडतं. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. कोपीपुढं शेणाचा सडा घालून पणती लावणारी बाई नवी परंपरा वगैरे काही म्हणत नाही. तिला पोरांना सण दाखवायचा असतो, तेवढंच.

म्हणून या वर्षी माझं एक म्हणणं आहे. निघायच्या आधी एक डबा आपल्या गावाच्या शिवारातल्या कोप्यांवर पोचवा. उरलंसुरलं नको, आपण खातो तेच द्या. त्यांच्या पोरांची साखरशाळा चालू झालीय का, नसेल तर का नाही, हे ग्रामपंचायतीत आणि कारखान्याच्या शेती कार्यालयात विचारा. एकट्यानं विचारलं तर हसतात, दहा जणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. परगावी गेल्यावर दिवाळीच्या दिवशी ड्युटीवर असलेल्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला, खोली झाडणाऱ्या ताईंना हातात दोन करंज्या द्या, नाव विचारा.

परगावी आपल्याला कुणीतरी आपल्या सणात घेतं, तेव्हा किती बरं वाटतं हे आपण दर वर्षी अनुभवतो. तेवढंच आपल्या गावात आलेल्यांना देता येतं का, बघू या.

तुमच्या गावाजवळ कोप्या पडल्या असतील तर कुठं ते कमेंटमध्ये सांगा. डबे एकत्र नेऊ.