ओहोटीचा हिशेब

भारतभेटीत कुलदैवताचे दर्शन हा आपल्यापैकी अनेक घरांचा न चुकणारा कार्यक्रम असतो. ज्यांची वाट श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वराकडे वळते, त्यांना देवाच्या वेळेबरोबर समुद्राचीही वेळ पाहावी लागते. प्रदक्षिणेचा मार्ग देवळामागून पायऱ्यांनी खाली उतरतो आणि लाटांनी जाळीदार कोरलेल्या कातळावरून डोंगराला वळसा घालतो. भरतीला तिथे पाणी येते, म्हणून प्रदक्षिणा ओहोटीतच करायची. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सगळे साधारण पाऊण तासाने पुढे. कितीही घाई असली तरी पाणी उतरेपर्यंत थांबायचे आणि ते चढायच्या आत परतायचे. ताणतणावाचा विचार करताना हाच हिशेब उपयोगी पडतो, असे आम्हाला वाटते.

ताण चढणे हा मुळात आजार नव्हे. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जाग येताच वाढते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. शरीराची भरती-ओहोटी अशी रोजची आहे. संकट आले की भरती वाढते, हेही योग्यच. अमेरिकन संशोधक ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये जो मुद्दा मांडला तो पुढचा आहे: ताणाची यंत्रणा वारंवार चालू राहिली किंवा वेळेवर बंद झाली नाही, की शरीराची झीज होते आणि ती साचत जाते. म्हणजे प्रश्न भरतीचा कमी आणि चुकलेल्या ओहोटीचा जास्त. परदेशातल्या मराठी घरात ती चुकायला निमित्तांची वाण नाही. इथले ऑफिस संपते न संपते तोच तिथली सकाळ उजाडते. आईची औषधे, फ्लॅटचे कागदपत्र, नातलगांचे निरोप. दोन घड्याळांवर जगणाऱ्या माणसाचा दिवस मावळतच नाही.

म्हणून रोजच्या साध्या सवयींकडे लाड म्हणून न पाहता ठरवून आणलेली ओहोटी म्हणून पाहावे. त्यांना आधारही आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या इटलीतल्या एका अभ्यासात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियमन सुधारलेले दिसले. आपली सांजवातीची स्तोत्रे त्यात नव्हती, पण सावकाश, लयीत म्हणताना श्वास लांबतो हे कुणालाही घरी पडताळता येईल. श्रद्धा नसेल त्याने नुसता श्वास मोजावा. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असे आढळले की आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःला अधिक निरोगी आणि समाधानी सांगतात. ती वेळ एकदम दिली की तुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. निरोगी माणसांनाच बाहेर पडावेसे वाटत असेल, ही शंका इथे रास्त आहे. तरीही रोज वीस मिनिटे जवळच्या बागेत चालण्यात गमावण्यासारखे काय आहे?

मोठा आक्षेप वेगळा आहे. व्हिसाची टांगती तलवार, नोकरकपात, दूरदेशी आजारी वडील. यांवर श्वास आणि फेरफटका हे कसले उत्तर? हा आक्षेप खरा आहे. या सवयी कारणे दूर करत नाहीत, आणि कामाच्या अतिरेकाचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारायला कुणी त्या वापरत असेल तर त्याला विरोधच करावा. पण ओहोटीनेही समुद्र आटत नाही. पाय ठेवायला कातळ तेवढा मोकळा होतो. कठीण निर्णय घ्यायला तेवढा कातळ लागतोच. मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सवयींच्या भरवशावर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

‘वेळच मिळत नाही’ हा दुसरा आक्षेप. प्रदक्षिणेची वेळ कुणाला सवडीने मिळत नाही, ती आधीच ठरलेली असते. सवयीलाही तेच लागू पडते. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात लोकांनी नवी कृती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा संध्याकाळच्या चहानंतर चालणे, दिवा लावल्यावर दहा मिनिटे स्तब्ध बसणे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, यांपैकी एकच धरावे आणि त्याची वेळ बांधावी. सुरुवात आपल्या मराठी मंडळानेही करावी: रात्री नऊनंतर आपल्या व्हॉट्सॲप गटावर वर्गणीची आठवणसुद्धा नको. ती सकाळच्या भरतीबरोबर येईलच.