शब्दांतला फरक : 'नॉमिनी' आणि 'एअर'

मैत्रिणींनो, यजमानांच्या पासबुकावर 'नॉमिनी' म्हणून आपलं नाव दिसलं की आपण निर्धास्त होतो. 'म्हणजे यांच्या मागं हे पैसे माझेच!' असं धरून चालतो. पण 'नॉमिनी' शब्दाचा अर्थ तेवढा नाही, बरं का.

'नॉमिनेट' म्हणजे नाव देणं, नेमणं. 'एम्प्लॉयर' नोकरीवर ठेवणारा आणि 'एम्प्लॉयी' ठेवलेला. तसाच 'नॉमिनी' म्हणजे नेमलेला. बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यावेत, एवढंच त्यानं ठरतं. खातेदार आपल्या पसंतीनं कोणालाही नेमू शकतो.

'एअर' म्हणजे वारस. स्पेलिंगमध्ये आरंभी 'एच' असला तरी उच्चार हवेच्या 'एअर'सारखाच. वारस नेमावा लागत नाही. मृत्युपत्र नसेल तर कायदाच तो ठरवतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांना सारखा वाटा मिळतो.

वापरातही फरक आहे. मिळकतीचा वारस सांगताना 'एअर टु द प्रॉपर्टी' म्हणायचं. खात्यासाठी नेमलेला तो 'नॉमिनी फॉर द अकाउंट'.

हा फरक किती महागात पडतो, पाहा. एका प्रकरणात विमा पॉलिसींवर पत्नी नॉमिनी होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासू आणि मुलानं हक्क सांगितला. पत्नीनं रक्कम स्वीकारावी, पण वाटा इतर वारसांचाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८३ मध्ये दिला. पुढं २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आईवडील, पतिपत्नी व मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर रक्कम त्याच्या लाभाची, अशी तरतूद आली. तरीही वाद कोर्टात जातातच. बँकेतल्या ठेवींना मात्र ही तरतूद लागू नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. लग्नाआधीच्या खात्यावर सासूबाईंचं किंवा दिरांचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी तेवढ्यानं पत्नीचा वारसाहक्क बुडत नाही.

तेव्हा या रविवारी दोघांनी मिळून पासबुकं आणि पॉलिसी काढा. नॉमिनीचं नाव तपासा, जुनं असल्यास बदलून घ्या. आणि मिळकत अमक्यालाच मिळावी अशी इच्छा असेल, तर दोन साक्षीदारांच्या सहीनं मृत्युपत्र करा. यजमानांचं आणि आपलंसुद्धा!