घाटाखालचा समुद्र
कर्जतहून समुद्र दिसत नाही, पण इथलं पाणी त्यालाच जाऊन मिळतं. राजमाचीच्या डोंगरातली उल्हास वसईच्या खाडीला, खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला. खाडीला उधाण असलं की खालच्या गावांतला पूर ओसरत नाही. वर घाटात अरबी समुद्र वेगळ्याच रूपानं येतो: तापलेलं पाणी ढगांना जास्त बाष्प देतं आणि सह्याद्री ते ढग इथेच रिकामे करतो. अशाच पावसात २७ जुलै २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. रूळ गढूळ पाण्याखाली, हजारावर प्रवासी डब्यांत. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. समुद्रापासून बंदरं वाचवायची चर्चा जरूर व्हावी. पण आधी पुराचं पाणी अडवणारे आमच्या नदीकाठचे भराव थांबवा.