कॉमर्सच्या पोरांना नकाशा कशाला?

गेल्या आठवड्यात जव्हारला चहा पिताना एका प्राध्यापक मित्राने मला हा प्रश्न विचारला. बीकॉमच्या मुलांना जीआयएस शिकवावं की नाही, यावर बोलणं चाललं होतं. "टॅली येऊ दे, जीएसटीचं रिटर्न भरता येऊ दे, बस झालं. नकाशे आर्ट्सवाल्यांना." मी वाद घातला, पण त्याची एसटी लागली आणि विषय अर्धवट राहिला. उरलेला वाद इथे घालतोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. साध्या भाषेत, नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक तक्ता असतो. पाड्याचा ठिपका असेल तर त्यामागे घरं किती, विहीर कोणत्या महिन्यात आटते, रस्ता कुठवर, दुकान आहे का. हेच धंद्यासाठी वापरलं की त्याला लोकेशन ॲनालिटिक्स म्हणतात. दुकान कुठे टाकायचं, गोदाम कुठे, कोणत्या पिनकोडला माल पोचवायचा आणि कोणत्या पिनकोडला "सेवा उपलब्ध नाही" दाखवायचं, हे त्यावरून ठरतं. ४०१६०३ आणि ४०१६०४ टाकून ऑनलाइन वस्तू मागवणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारने २०१८ साली 'जनधन दर्शक' नावाचं ॲप आणलं. बँकेची शाखा, एटीएम, बँक मित्र, पोस्ट असं सगळं त्यात नकाशावर आहे. म्हणजे सरकारचं जीआयएसच. त्याच्या आधारे सांगितलं जातं की नकाशावर घेतलेल्या गावांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त गावांना ५ किलोमीटरच्या परिघात बँकेची सोय आहे. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो मोजला कसा, ते बघा. एक ठिपका घ्यायचा, भोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, वर्तुळात बँक मित्राचा ठिपका आला की गाव पास.

वसईच्या सपाटीवर हे ठीक आहे. मोखाड्यात नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बातमीसाठी मोखाड्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या एका आजींना निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. मी फोनवर सरळ रेषेत अंतर मोजलं, चार किलोमीटरसुद्धा भरलं नाही. आजी मात्र डोंगर उतरून, ओहोळ ओलांडून, पुन्हा चढून जातात. मशीनला रेंज नसली किंवा अंगठा उमटला नाही तर तशाच परत. "जाया-यायला दिस जातो," म्हणाल्या. पावसाळ्यात ओहोळाला पाणी असलं की जातच नाहीत. कागदावर त्यांचं गाव पास आहे.

आणि गाव म्हणजे तरी काय? आपल्याकडे एका महसुली गावात कितीतरी पाडे, एकमेकांपासून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवर. नकाशावर ठिपका बहुतेक वेळा गावठाणाचा असतो. पाडे त्या एका ठिपक्यात गिळले जातात.

ही चूक कोण पकडणार? बँकिंग कोण शिकतं? कॉमर्सचाच विद्यार्थी ना! शाखेचा खर्च, बँक मित्राचं कमिशन, एका केंद्राला किती व्यवहार झाले तर परवडतं, हे त्याला कळतं किंवा कळायला पाहिजे. त्याला चढ-उताराचा नकाशा वाचता आला तर तो वर्तुळाऐवजी चालण्याचा वेळ मोजेल. मग दुसरा बँक मित्र कुठल्या पाड्यावर बसवला तर जास्त माणसं तासाभरात पोचतील, ते दाखवेल. फक्त भूगोल शिकलेला हे अर्धं करेल, फक्त टॅली शिकलेला सुरूच करणार नाही.

हेच मोगऱ्याला लावा. कळी पहाटे तोडायची आणि उमलायच्या आत बाजारात. गाडी कुठून निघाली, कुठे थांबली, यावर भाव ठरतो. काजू, नागली, वरई, मोहाचंही तसंच. खोडाळ्याकडचा माणूस बाजाराला कसारा-इगतपुरीकडे बघतो, जव्हारचा नाशिक किंवा पालघर-डहाणूकडे. व्यापाऱ्याला हे पाठ असतं, त्याच्या डोक्यातच जीआयएस आहे. बचत गटाच्या बाईला ते कुणी दाखवत नाही.

माझा मित्र म्हणेल, ही मुंबई-पुण्याची थेरं. पुण्यात सिंबायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्सची अख्खी संस्था आहे हे खरं. पण तिथली फी आपल्या पोरांना झेपणारी नाही आणि तिथल्या पोरांना आपले पाडे माहीत नाहीत. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीही आपला पाडा, आपली वाट टाकू शकतो. फोनचं जीपीएस रेंज नसतानाही जागा पकडतं. २०२१ पासून केंद्राने नकाशे आणि त्यांची माहिती तयार करण्यावरचे जुने निर्बंधही बरेच सैल केलेत. शिक्षक हवा? भूगोलाचे सर बऱ्याचदा त्याच इमारतीत, आर्ट्सच्या बाजूला बसतात.

गंमत म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीकॉमला पर्यावरण अभ्यासाच्या पेपरात नकाशा भरायचा प्रश्न असायचा. कोकणचा नकाशा, पेन्सिलने ठिपका, मार्क मिळाले, विसरलो. आता नवीन शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेता येतो, फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. म्हणजे अडचण नियमाची राहिलेली नाही. "आमच्या पोरांना काय जमणार" हे जे मनात बसलंय, ती आहे.

जमत नाही? वनहक्काच्या दाव्यासाठी हातात जीपीएस घेऊन आपल्या प्लॉटच्या हद्दीवरून चाललेली माणसं जव्हार-मोखाड्यात आहेत. शाळा फारशी न बघितलेली. त्यांचाच पोरगा बीकॉमला बसला की त्याला आपण सांगतो, नकाशा तुझ्या कामाचा नाही.

आमच्या धंद्याबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यालाच शहाणपण शिकवतो. मी पत्रकारितेची पदविका केली, त्यात नकाशाचं पानही नव्हतं. वीस वर्षं "अतिदुर्गम भाग" लिहून मोकळा होतोय. किती दुर्गम, कशापासून, कोणत्या ऋतूत, कधी लिहिलं नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा-शहापूरच्या हद्दीवर, पाणी मुंबईला, टँकर आपल्या पाड्यांना, हे दर उन्हाळ्यात छापलं. कोणत्या पाड्यापासून पाणी किती खाली आणि किती लांब, याचा एक नकाशा बातमीसोबत दिला असता तर अधिकाऱ्याला "माहिती घेऊन सांगतो" म्हणता आलं नसतं.

म्हणून येत्या वर्षी दोन्ही तालुक्यांतल्या कॉमर्सच्या प्रत्येक वर्गाने फील्ड प्रोजेक्टला एवढं एकच घ्यावं: प्रत्येक पाड्यापासून पैसे मिळण्याच्या ठिकाणापर्यंत पायी लागणारा वेळ, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. प्राध्यापक मित्राला ही पोस्ट टॅग करतोय. तोवर तुम्ही खाली कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा. पाड्याचं नाव, पैसे काढायला कुठे जाता, आणि चालत किती वेळ लागतो. किलोमीटर लिहू नका.