तेजी कोणाची, भुर्दंड कोणाला?

शेअरबाजारातील तेजी म्हणजे राष्ट्राच्या प्रकृतीची नाडी, असा समज आपल्याकडील भांडवलदारी वृत्तपत्रांनी गेली तीस-पस्तीस वर्षे मोठ्या चिकाटीने रुजविला आहे. 29 ऑगस्ट 2025 रोजी रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी जिओचे शेअर 2026 च्या पूर्वार्धात बाजारात आणण्याचा मनोदय जाहीर केला. ही कंपनी आता देशाबाहेरही विस्तार करील, असेही त्यांनी सांगितले. त्यासरशी या समजाला पुन्हा भरते आले. त्याच वर्षी देशातील डीमॅट खात्यांची संख्या वीस कोटींवर गेली. हे वारे मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावीही, ज्याच्या घरी सोयाबीनचे चार पैसे शिल्लक आहेत असा तरुण मोबाईलवर भाव पाहत बसलेला दिसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेतीत परतावा नाही, नोकरी मिळत नाही. मग त्याने आशा शोधावी तरी कोठे? पण त्या आशेचा हिशेब मांडून दाखविणे हे आपले काम आहे.

शेअरची किंमत म्हणजे भावी नफ्यावरील हक्काची आजची किंमत. बिनतारी दूरसंचार कंपनीचा नफा देशात दोनच वाटांनी वाढू शकतो: ग्राहक वाढले तर, किंवा दर ग्राहकामागचे उत्पन्न वाढले तर. जिओच्या ग्राहकांची संख्या 2025 मध्ये पन्नास कोटींवर पोहोचली. म्हणजे पहिली वाट अरुंद होत चालली. राहिली दुसरी. जून 2025 अखेरच्या तिमाहीत हे उत्पन्न दर ग्राहकामागे महिन्याला सुमारे 209 रुपये होते, आणि ते पुढे किती चढेल यावर बाजाराच्या साऱ्या पैजा लागलेल्या असतात. ज्याला बाजार ‘उत्पन्नवाढ’ म्हणतो, त्याला आपल्या घरी रिचार्जची महागाई म्हणतात.

जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले. जिओची 239 रुपयांची योजना 299 रुपयांची झाली. वाढ पंचवीस टक्के. ही योजना अठ्ठावीस दिवसांची, म्हणजे कंपनीच्या पंचांगात वर्षाचे महिने तेरा. एका फोनमागे वर्षाला 780 रुपये जादा, तीन फोनच्या घरात 2,340. आता दुसरा आकडा पाहा. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,600 वरून 4,892 झाला. वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर. तोही लातूरच्या बाजारात सोयाबीन खाली होते तेव्हा मिळाला नाही. हमीभाव मिळाला असे धरले, तरी केवळ या दरवाढीपायी त्या घराचे जवळजवळ अर्धा क्विंटल सोयाबीन गेले. एका मालाचा भाव विकणारा ठरवितो आणि दुसऱ्याचा घेणारा. शेतकरी दोन्हीकडे समोरच्या बाजूला उभा!

राहता राहिले परदेशी विस्ताराचे गारूड. तेही नवे नाही. 2003 साली रिलायन्सने समुद्राखालील केबलांची फ्लॅग टेलिकॉम ही कंपनी 20.7 कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. पुढे भावाभावांच्या वाटणीत हा व्यवसाय अनिल अंबानी यांच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सकडे आला. जानेवारी 2008 मध्ये या कंपनीचा शेअर आठशे रुपयांच्या पुढे होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या एमटीएनशी तिच्या वाटाघाटी चालू झाल्या, तेव्हा विश्लेषकांना जग जिंकल्याचा आनंद झाला होता. वाटाघाटी फिसकटल्या. 2010 मध्ये कंपनीने थ्रीजी लहरींसाठी 8,585 कोटी रुपये मोजले, आणि कर्ज वाढत गेले. 2017 च्या अखेरीस मोबाईल सेवा बंद पडली. 2019 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि शेअर एक-दोन रुपयांवर आला. तिचे देणे चाळीस हजार कोटींच्या वर होते, आणि धनकोंमध्ये स्टेट बँकेसारख्या सार्वजनिक बँका होत्या. तेजी भागधारकांची होती; बुडीत कर्ज मात्र तुमच्याआमच्या ठेवींच्या बँकांच्या वाट्याला आले.

यावर कोणी म्हणेल, एअरटेल आफ्रिकेत यशस्वी झालीच ना? झाली. 2010 साली पंधरा देशांतील जाळे विकत घेतल्यावर काही वर्षे तोटा सोसून ती सावरली, हे मान्य केले पाहिजे. पण तेथील यशाचीही किंमत कोणीतरी देतोच. नायजेरियात जानेवारी 2025 मध्ये नियामकाने कंपन्यांना पन्नास टक्क्यांपर्यंत दरवाढीस मुभा दिली आणि तेथील कामगार महासंघाने तिला विरोध केला. लागोसचा हमाल आणि लातूरचा हमाल एकाच हिशेबवहीतील दोन नोंदी आहेत, हे आपण विसरता कामा नये.

खरा प्रश्न याहून खोल आहे. ई-पीक पाहणी मोबाईलवर, रेशनचा अंगठा यंत्रावर, अनुदानाचा निरोप फोनवर. शासनाने नेटवर्कला नागरिकत्वाची अट बनविले आणि ते नेटवर्क मात्र नफ्याच्या हवाली केले. सार्वजनिक बीएसएनएलला देशभर फोर-जी सुरू करण्यास सप्टेंबर 2025 उजाडला. जिओ 2016 मध्येच आली होती. मधल्या काळात, 2019 च्या ‘पुनरुज्जीवना’त, बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून ब्याण्णव हजारांवर कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्पर्धकाचे पाय बांधून लावलेल्या शर्यतीला स्पर्धा म्हणत नाहीत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन मागण्या घेऊन जावे. महिना कॅलेंडरचा असावा. नियामकाने 2022 मध्ये निदान एक-एक योजना तशी ठेवण्यास सांगितले, ते सर्व प्रमुख योजनांना लागू करावे. दरवाढीपूर्वी जाहीर सुनावणी व्हावी. आणि बीएसएनएलला माणसे व पैसा देऊन प्रत्येक गावात तिचे जाळे पोहोचवावे. रस्ता आणि पाणी यांचा भाव शेअरबाजारात ठरू नये असे आपण म्हणतो. मग ज्या तारेविना रेशनही मिळेनासे झाले आहे, तिचा भाव तेथे का ठरावा?