पाझर गढूळ आहे का, ते आधी पाहा

रस्ता खचला, घर कलले, की बातमीत ‘अचानक’ हा शब्द हमखास येतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो अर्धाच खरा आहे. कोसळणे अचानक होते. पोखरणे मात्र आधीपासून चालू असते.

वाळूला चिकणमातीसारखा चिकटपणा नसतो. तिचे कण स्वतःच्या वजनामुळे आणि परस्परांतील घर्षणामुळे जागेवर राहतात. वाळूच्या एक मीटर जाडीच्या थरातून पाणी वर चढताना त्याचा दाब, केवळ उंचीमुळे होणारी घट वगळून, सुमारे एक मीटर उंचीच्या पाण्याइतका घटत असेल, तर पाणीच कणांचे वजन पेलते, घर्षण नाहीसे होते आणि वाळू द्रवासारखी वागू लागते. भुयाराच्या किंवा मलवाहिनीच्या फटीकडे वाळू खाली उतरत असेल, तर गुरुत्वाकर्षणाचीही साथ मिळते आणि याहून कमी दाब पुरतो. कण वाहून जातात, पोकळी वाढते. वरचा थर मात्र कमानीसारखा काही काळ तग धरतो. त्यामुळे रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

कोलकात्याच्या बहुबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रोचे भुयार खोदणारे यंत्र भूजलाच्या थराला भिडले. पाण्याबरोबर गाळ आणि वाळू भुयारात शिरली. वरची जुनी घरे खचली, काही कोसळली, शेकडो लोकांना घर सोडावे लागले. मे २०२२मध्ये पुन्हा पाणी झिरपले आणि पुन्हा भिंतींना तडे गेले.

भिलाईत राहणाऱ्यांनी हे दूरचे मानू नये. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास वसाहत उभी राहू लागली. आपल्या पायाखाली बंगालचा गाळ नाही, हे खरे. परंतु नळ टाकताना चरात वाळू भरण्याची पद्धत सर्वत्र आहे. जुन्या मलवाहिनीचा सांधा उघडला आणि शेजारचा पाण्याचा नळ गळू लागला, की तीच भरणीची वाळू मलवाहिनीत वाहून जाऊ शकते.

यावरचे उपाय जुने आहेत. योग्य आकाराच्या खडी-वाळूची गाळणी पाणी जाऊ देते आणि कण अडवते. तिचे नियम कार्ल टर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले. आपल्याकडे मात्र आतून सिमेंट लावून गळती ‘बंद’ केली जाते आणि बाहेरची पोकळी तशीच राहते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भुयारी कामातील प्रत्येक गळतीचे पाणी ठरावीक वेळी भांड्यात धरावे, निवळू द्यावे, तळाचा गाळ वजन करून नोंदवावा आणि ती नोंद वर राहणाऱ्या रहिवाशांना खुली करावी. स्वच्छ पाझरावर लक्ष ठेवता येते. पाझर गढूळ झाला, तर काम थांबवून आधी घरे रिकामी करावीत. यासाठी महागडे यंत्र लागत नाही; भांडे, तराजू आणि नोंदवही पुरते. ती नोंद ठेवण्याची सक्ती मात्र नियमानेच करावी लागेल.